दोन बोटं ढिलाई

किंमत मी बत्तीस हजार सांगितली
आणि सांगताना बॉनेटवर हात ठेवला,
जिथे खाऱ्या वाऱ्यानं रंगाखालून
पापडासारखे फुगे आणलेत.
झेन. दोन हजार दोनची. ग्रीन टॅक्स भरलेला.
रुपाजी कोयंडे फुग्यांकडे बघतच नव्हता.
वाकून चाकं बघत होता,
वाळूवर ओढलेल्या होडीचा तळ बघावा तसा.

"ऐकता काय पण?"
कोण, मी विचारलं.
"गाडी. सुकाणू फिरवल्यार ऐकता?"

तीस वर्षं मी जामसंड्यात टायपिंगचा क्लास चालवला.
कुठल्या मशिनवर कुठलं अक्षर उशिरा उठतं
ते बोटांना कळायचं.
म्हणून खरं ते सांगितलं:
स्टिअरिंगमध्ये दोन बोटं ढिलाई आहे.
तेवढं फुकट फिरतं, मग चाकाला कळतं.

नाझिम मेस्त्रीनं डोळे मिटले.
गाडी विकताना कोण एवढं बोलतं?
"पण जमिनीला धरून आहे," तो घाईनं म्हणाला.
"ते उंच टपाचे डबे कुणकेश्वरच्या उतारावर
प्रत्येक वळणाला नमस्कार करतात.
ही मान हलवत नाही."

"दोन बोटा?" रुपाजी हसला.
"माजो ट्रॉलर दोन श्वास उशिरान ऐकता.
खाडयेत शिरताना सुकाणू आदीच फिरवूचा लागता,
वाळयेची पट्टी दिसूच्या आदी."

आणि तसंच केलं त्यानं.
वळण अजून वीस हात लांब,
हा फिरवून मोकळा.
डावं चाक लाल मातीत, काजूची फांदी काचेवर,
नाझिम ओरडतोय, ब्रेक, ब्रेक,
मी मागच्या सीटवर पदर धरून,
शेजारी रुपाजीची लेक सुगंधा, गप्प.

काजूखालीच वाद पेटला.
"होडयेचा ढुंगाण वळता," रुपाजी म्हणाला,
"तोंडाक मागसून कळता. हिचा सगळा उलटा."
"हिचं इंजिन पुढे, ओढ पुढे.
तोंड जिकडे, गाव तिकडे," नाझिम.
"पण वळणात घाबरून पाय उचललात
तर मागचं हलकं होतं, शेपूट सुटते."
"शेपूट सुटता ता माका नको शिकव,
लाटेवर पन्नास वर्सा सोडलंय आणि धरलंय."
नाझिमनं काडीनं मातीत वळण काढलं.
रुपाजीनं पायानं पुसून खाडी काढली.
बारा वाजले. चाकांचं कुणालाच भान नव्हतं.

"बाबा, उठा," सुगंधा म्हणाली.

गाडी तिच्यासाठीच होती, हे तेव्हा कळलं.
कणकवलीच्या लॅबमध्ये रक्त तपासते,
सकाळची एसटी वेळेवर येत नाही.
तिनं सीट पुढे ओढली, आरसा खाली केला,
स्टिअरिंग इकडून तिकडे हलवून
ढिलाई मोजली, माझ्यासारखीच, दोन बोटांनी.
वळणाच्या आधी ब्रेक, दुसरा गिअर,
वळणात पाय हलका, पण उचललेला नाही.
सीटवर माझी पाण्याची बाटली आडवी पडली होती.
ती घरंगळली नाही.
तिघांनीही ते बघितलं
आणि तिघंही समुद्राकडे बघायला लागलो.

साडेसत्तावीसला सौदा तुटला.
नोटा कोरड्या, तरी वास बर्फाचा, बांगड्याचा.
एकोणतीस, तीस नंबरचे फॉर्म मी हातानं लिहिले,
मशिनं केव्हाच भंगारात गेलीत.
सही करताना करंगळी
नसलेल्या कळेवर जाऊन बसली.

ती निघाली. पाठीमागची काच,
काचेवर माझ्या क्लासचं अर्धं निघालेलं स्टिकर,
मग नुसता धुरळा.
स्टेपनी, जॅक, चोक, दाराची ओढून लावायची खिटी,
सगळं सांगितलं होतं.
एक राहिलं.
स्टिअरिंग उजवीकडे पार टोकाला नेलं
की हॉर्न आपोआप वाजतो.

पायरीवर उभी राहिले.
विहिरीकडच्या वळणावर
तो वाजला.