तिसरं रीळ

शब्बीरभाई टिनवाला डबा उघडतो
आणि आधी बाहेर येतो तो वास,
लोणचं नासल्यासारखा, शिरक्याचा.
"मरायला टेकलंय," मी म्हणतो, भाव पाडायला.
"तुम्हीपण," तो म्हणतो. दोघंही हसतो.

मटन स्ट्रीटवरची दुपार.
बाजूला ग्रामोफोनचे कर्णे, जहाजावरचा दिवा,
आणि माझ्या मांडीवर
बावीस वर्षं शोधलेलं हाँगकाँगचं तिसरं रीळ.

पहिलं माझ्याकडे आहे. दुसरं, चौथं
माहीमच्या इनास कुटिन्होकडे. दाखवतो,
पण हात लावू देत नाही;
पाळण्यातलं पोर आहे का, त्याची बायको विचारते.
चौथ्यात म्हातारा गुरू मेलेलाच असतो,
शिष्य कपाळाला पांढरी फडकी बांधून बसलेले.
कसा मेला, कोणी मारलं,
हे फक्त तिसऱ्याला ठाऊक.

नट कोण, कुणाला सांगता येत नाही.
पहिल्या रिळात एका कोपऱ्यात गवताची गादी दिसते,
उडी मारणाऱ्यानं पडावं म्हणून ठेवलेली,
काढायची राहून गेलेली.
आणि तरी माणूस उडतो.
त्या गादीवर जीव आहे माझा.
तेव्हा कुणाला नीट खोटं बोलता येत नव्हतं.

ट्यूबलाइटसमोर फिल्म धरतो, भिंग लावतो.
बांबूचं बन. गुरू वळतो. पाय उचलायला लागतो.
मग चिकटपट्टी.
पुढच्या चौकटीत तो जमिनीवर.
मधली लाथच नाही.

"ऑपरेटर कापून विकायचे," शब्बीरभाई सांगतो,
"पोरांना. पाच पैशाला एक."

मला सांगतो!
पिला हाउस, चौऱ्याहत्तर साल,
थिएटरच्या मागच्या जिन्याखाली
खाकी चड्डीतला मी, मुठीत घामेजलेलं नाणं.
कंपासपेटीत कर्कटकाशेजारी
वर्षभर सांभाळलेला तो पाय,
पुढे पाकिटात, आणि लग्नानंतर
पोस्टाच्या पासबुकाच्या प्लास्टिकमध्ये.

घासाघीस करत नाही. मागितले तेवढे देतो.
शब्बीरभाई दोनदा मोजतो, मग माझ्याकडे बघतो.

घरी येऊन पासबुक काढलं.
चौकट गुलाबी पडलीय.
हिरवं सगळं उडालं, बांबू गेले,
पाय मात्र अजून हवेत.

सेकंदाचा चोविसावा भाग.
टेबलावर स्प्लायसर आहे, टेप आहे,
पासबुक उघडंच आहे.
इनासचा फोन. "मग? कोणी मारलं?"

थांब, म्हणतो. बघतोय.