खोगीरभरती

पागेच्या दारावर खडूनं लिहिलं मी:
रविवारी सकाळी दहा, टेकडीपर्यंत रपेट, सगळ्यांनी यावं.
आले चौघं.
तेच चौघं, ज्यांचे बूट चकचकतात,
ज्यांचे घोडे ट्रकमधून हॅलिफॅक्सला स्पर्धांना जातात.
बाकीच्या घोड्यांनी कुंपणावर माना टाकल्या,
आणि त्यांची माणसं आली दुपारी, हळूच,
उधारी चुकवायला यावं तशी.

‘सगळ्यांनी’ हा शब्द खडूचा होता.
संध्याकाळपर्यंत धुक्यानं पुसला.

अकरा घोडे, बारा ठाणं.
बारावं ओडेटचं.
सप्टेंबरात तिची म्हातारी घोडी गेली, पोटशूळ,
पहाटे तीनला, मी बॅटरी धरून उभी होते.
भाडं मी घेत नाही, तरी ती दर गुरुवारी येते,
रिकाम्या ठाणात भुसा पसरते,
तासाभरानं गोळा करते, कोरडाच.
तिला कसल्या रपेटीला बोलवायचं?

मर्डोकच्या खुब्यात पोलाद आहे, चढणं बंद.
तो नुसता खरारा करतो, तास तास,
आणि जाताना घोड्याला म्हणतो, ‘बरं, उद्या.’
लीद काढणारा लेनी, वय चौदा,
दोनाची तीन माणसं झाली
की गवताच्या गंजीमागं दिसेनासा होतो.
फर्नच्या खुर्चीची चाकं फाटकातच रुततात:
तिचं तट्टू पलीकडे, ती अलीकडे,
मध्ये फंडीच्या उपसागराचा लाल चिखल.
आणि ग्वेन, आणि व्हेरा,
एका लगामावरून तीन वर्षांचा अबोला.
लगाम केव्हाच तुटला.

तर इथं पेंड खात होतं घोडं.
मी रपेट ठेवली होती,
भेट ठेवलीच नव्हती.

मग खडू बाजूला ठेवला.
एकेकाकडे गेले.
लेनीला विचारलं, तुला कुठं उभं राहायला आवडेल?
तो फावड्याकडे बराच वेळ बघत राहिला.
‘बुटक्या घोडीच्या डाव्या बाजूला.’
फर्नला फाटकाचं विचारलं. ती म्हणाली,
‘दोन वर्षं लागली तुला.’
वरातीमागून घोडं, मान्य.
सफरचंदाच्या खोक्यांच्या फळ्या आणल्या,
मर्डोकनं स्टुलावर बसून ठोकल्या, एक वाकडी.
सुमय्यानं विचारलं, सूपमध्ये डुकराचं काही आहे?
होतं. पातेलं बदललं.

नोव्हेंबरातला रविवार. नियम एकच:
आज कुणी घोड्यावर बसायचं नाही.
दोर धरून चालायचं, समुद्राच्या बांधापर्यंत,
ज्याला जितकं जमेल तितकं.
चकचकीत बुटांतले तिघं थांबले.
चौथा, डर्मट, गाडी सुरू करता करता म्हणाला,
‘ही तर खोगीरभरती!’

ओडेटच्या हातात मी माझ्या घोड्याचा दोर दिला.
म्हटलं, माझा पाय दुखतोय.
मर्डोकनं पोलादी खुबा सावरत माझ्याकडे असं पाहिलं
की मला दुसरीकडे बघावं लागलं.

माझा घोडा हावरट. त्यानं ओडेटच्या कोटाच्या खिशात
तोंड खुपसलं, पेपरमिंटची गोळी काढली,
कडाकड चावली.
‘ती खायची नाही या,’ ओडेट म्हणाली,
‘गोळ्या मी खायचे. तिच्यासाठी म्हणून घ्यायचे
आणि मीच खायचे.’
मग तिनं अख्खी वाट घोडीबद्दल सांगितलं,
मला नाही, लेनीला,
आणि लेनी डाव्या बाजूनं ऐकत राहिला.

ग्वेन सगळ्यात पुढं चालली, व्हेरा सगळ्यात मागं.
सूप त्यांनी वेगवेगळ्या पातेल्यांतून घेतलं.
फर्नचं एक चाक वाकड्या फळीवर अडकलंच.
मर्डोकला शिव्या बसल्या.

खोगिरं दिवसभर खुंटीला होती.
बांधापलीकडे भरती येत होती,
चिखलातला खळगा न् खळगा भरत,
कुठला आधी, कुठला मग, काही न ठरवता.

गुरुवारी ओडेट आली.
बाराव्या ठाणात भुसा पसरला,
दाराशी जरा उभी राहिली,
आणि तसाच ठेवून गेली.
मी काही विचारलं नाही.