विषय शिल्लक

उद्यमनगरच्या मागं आमची खोली.
अकरा खुर्च्या. पाद्री नाही, वेदी नाही.
क्वेकर म्हणजे नक्की कोण, असं
फाउंड्रीचा वॉचमन अजून विचारतो.

मागची जागा विकायची का,
तिसरा महिना चाललाय.
हात वर करून मोजत नाही आम्ही. थांबतो.

आज शांतवन आवळे उठून म्हणाले,
"काहींना देवापेक्षा पत्रा प्यारा."
छप्पर गळतंय, हे एलीशिबाबाईच म्हणत होत्या.
त्यांनी पदर सारखा केला, बोलल्या नाहीत.
पुढची शांतता कसली होती, मला सांगता येत नाही;
वहीत तिच्यासाठी एक ओळ कोरी सोडली.
खाली लिहिलं : एकमत नाही. विषय शिल्लक.
वाचून दाखवलं.
दोघांनीही मान डोलावली.

दाराशी बाईंच्या चपलेचा अंगठा तुटलेला.
शांतवन पायरीवरच बसले.
पिशवीत आरी असतेच त्यांच्या, रविवारीसुद्धा.
दोरा दातांत धरून म्हणाले,
"माझं अजून न्हाईच हाय, बाई."
"ठावं हाय. टाका घट्ट घाल."

बाई एका पायावर उभ्या,
तोल जाऊ नये म्हणून
हात त्यांच्या खांद्यावर.