चौदा अधिक सहाशे

राऊच्या पुढे, साखळी चौदा अधिक सहाशे.
इथे एक गाव आहे. माझ्या तक्त्यात ते
'संवेदनशील ठिकाण क्रमांक तीन'.
शाळेच्या गच्चीवर मी यंत्र चढवते,
चिमट्याने कागद बसवते.
हात लावायचा नसतो, बोटांचंही वजन लागतं.
काल रात्री तोललाय,
दोन पूर्णांक सात तीन एक चार ग्रॅम,
लग्नपत्रिकेच्या पाकिटासारखा कोरा.

मंगळवार, म्हणून टँकर हजर.
कन्हीराम सकाळपासून रस्ता भिजवतोय,
व्याही यायचे असावेत असा सडा.
"मॅडम, तुमच्यासाठी आज चार फेऱ्या."
आणि एरवी?
तो आरशात बघतो.
त्याला डिझेल मोजून मिळतं,
मला मंगळवार.

आमच्या इंदुरात कचऱ्याला सहा-सहा डबे.
धुळीला कुठला, कुणी सांगितलं नाही.

खाली ओसरीवर सोरमबाई
पासष्ट मुलांची डाळ शिजवते.
चुलीत ओंडका, सालीवर पिवळ्या रंगात
दोनशे सात.
हा आकडा मीच घातला होता,
मोजणीच्या वेळी, कडुनिंबावर, माझ्याच कुंचल्याने.
पहिलीतला एक पोरगा वाकून वाचतो
दो, शून्य, सात.
सात आधी जळतो.
'बदल्यात लावलेली रोपं' या रकान्यात
ठेकेदाराने दोन हजार भरलेत.
'जगलेली' रकाना
माझ्याकडे आला तेव्हा कोरा होता.

दुपारी तीनला वीज गेली,
ती रात्री अकराला आली.
नमुना बाद. नियमच आहे तसा.
आयुष्यात पहिल्यांदा मी
विद्युत मंडळाला मनातल्या मनात नमस्कार केला,
आणि गुरुवारी, कुणालाही न कळवता,
कोऱ्या कागदासह परत आले.

टँकर नव्हता.
डंपर होते, एकामागे एक,
शाळेची घंटा त्यांच्या आवाजात बुडाली,
सुट्टी झाल्याचं मुलांना
एकमेकांकडे बघून कळलं.

शुक्रवारी कागद काढला.
तव्यावर विसरलेल्या पोळीचा रंग.

फोन आला. साइटवरचे बागोरा साहेब,
आवाज अगदी घरचा:
"वीजबिजेचा काही घोळ असेल ना?
मंगळवारी पुन्हा घेऊन टाका."
मी म्हटलं, मंगळवारी घेईनच.
हाही राहील.

पुढच्या खेपेला सोरमबाईने विचारलं,
"कितरो आयो, बेन?"
तीनशे बारा.
"ने चाले कितरो?"
शंभर.
तिने मान हलवली,
तुरीचा भाव ऐकून हलवावी तशी,
आणि पातेल्यावरचं लुगडं
काठाशी पुन्हा एकदा घट्ट खोचलं.

अहवालात शेऱ्याला दोन ओळी मिळतात.
पहिलीत लिहिलं:
वारा पश्चिमेकडून, टँकर गैरहजर.
दुसरीत बराच वेळ काहीच सुचेना.
मग लिहिलं:
स्वयंपाक झाकलेला.