धोटा

कारखान्यामागे सुताच्या कचऱ्यात दोघं सापडली.
नायनांनी ती डब्याच्या पिशवीत घालून आणली;
भाकरीचा आणि ओल्या पिल्लांचा एकच वास.
बहिणीचं नाव कांडी ठेवलं. ती अकरा दिवस राहिली.
अकराव्या दिवशी दूध ओकली, मग रक्त,
आणि अम्मा विड्यांचं सूप बाजूला सारून
पहिल्यांदा रिकाम्या हातांनी बसली.

उरला तो या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पळायचा,
आपटायचा, वळायचा, पुन्हा पळायचा.
दहा बाय बाराच्या खोलीत दुसरं काय जमणार?
नायना म्हणाले, हा तर धोटा.
झालं, ठरलं.

अम्मा त्याला ‘रा’ म्हणायची,
आम्ही ‘ये’,
शेजारची निंगव्वा ‘बा’.
तिन्ही हाकांना यायचा.
‘जा’ मात्र त्याला कुठल्याच भाषेत कळलं नाही.

पानं भिजत घातली की त्या पाण्यात पाय.
एकदा मोजून ठेवलेल्या हजार विड्यांवर झोपला;
त्या आठवड्याला अर्ध्या छाटून परत आल्या.
अम्माने झाडूने मारलं,
आणि रात्री आपल्या भाकरीचा पापुद्रा सोलून
दुधात कुस्करून त्याच्यापुढे सरकवला,
त्याच्याकडे न बघता.

पाणी पाच दिवसांनी यायचं, रात्री दोनला.
नळाने सुं करायच्या आधी त्याला कळायचं.
अख्ख्या गल्लीत आमच्या घागरी पहिल्या.
बालामणी विचारायची,
तुमचा कुत्रा महापालिकेत कामाला आहे काय गं?

तीस वर्षं मागांच्या खडखडाटात
नायनांचे कान विणून बंद झाले होते.
दार वाजलं की धोटा त्यांच्या लुंगीचं टोक ओढायचा.
पोस्टमन, गॅसवाला, मला पाहायला आलेली माणसं,
सगळ्यांना नायना
ओल्या टोकाच्या लुंगीत भेटले.

लग्न होऊन मी भिवंडीला गेले.
फोन केला की अम्मा तो त्याच्याही कानाला लावायची.
पलीकडून नुसता श्वास, घाईचा.
तेराव्या वर्षी ती म्हणाली, राहू दे आता,
यालाबी ऐकू येईना.

मे महिन्यात आले. चव्वेचाळीस डिग्री,
मी दार वाजवतेय, वाजवतेय.
अम्मा विड्या द्यायला गेलेली.
खिडकीतून पाहिलं तर
एका पंख्याखाली, एका फरशीवर,
दाराकडे पाठ करून
दोन बहिरे, निवांत.
मग मीही थोडा वेळ वाजवलंच नाही.

आठ दिवसांनी गेला.
माझ्या चपलेवर डोकं ठेवून, दुपारी,
लूम बंद पडल्यावर होते तशी शांतता
मला ऐकू आली. नायनांना मी हाताने सांगितलं.

आमच्या घरात जन्मभर सेकंड माल:
सुटलेला धागा, शेपूट अर्धवट राहिलेला मोर,
काठ वाकडे गेलेल्या चादरी.
फर्स्ट एकच होती, प्लास्टिकमध्ये,
माझ्या नणंदेला द्यायची म्हणून राखलेली.
नायनांनी ते प्लास्टिक दातांनी फाडलं.
अम्मा काहीतरी म्हणणार होती.
मग तिनेच घडी मोडली,
आणि सगळ्या चादरीवरून बोटं फिरवली,
कुठे काही चुकलंय का बघत.

घरकुलामागची काळी माती दगड झालेली,
पहार उसळून परत येत होती.
निंगव्वाचा मल्लिनाथ न बोलता आत गेला
आणि त्यांची एक भरलेली घागर आणून ओतली.
चौथा दिवस होता पाण्याचा.

आता नायना मध्येच उठतात,
दार उघडतात. कोणी नसतं.
अम्मा चिडते, ऊन आत येतं म्हणते.
परवा उघडलं तर खरंच गॅसवाला उभा.
नायना त्याच्याकडे पाहत राहिले,
मग खाली वाकून
लुंगीचं टोक चाचपलं.

कोरडं होतं.