सापळा क्रमांक सात

सकाळी साडेसातला
कोल्हा पाटीपासून आत, सुदामतीमावशीच्या रानात
मी पिशवीचं तोंड सोडते आणि मोजते.
काल सहा. आज नऊ.
सगळे नर.
जिच्या वासानं आले ती इथं कधी नव्हतीच,
रबराच्या एवढ्याशा तुकड्यात
कुणीतरी तिची हाक भरून ठेवलेली.
कामगंध सापळा.
पहिल्यांदा ऐकला तेव्हा हसू आलं होतं या शब्दाचं,
आता तो रजिस्टरातला नुसता रकाना.

बुधवारी परभणीच्या सभागृहात
माझे आकडे पडद्यावर आले, भिंतीएवढे.
सर म्हणाले, बघा, म्हणून तर नवं वाण हवं.
खादीच्या साडीतल्या बाई म्हणाल्या, बघा, म्हणूनच नको.
आकडा एकच. मंगळवारचा. एकोणीस.
माझा ९ घाईत १ सारखा होतो.
एकोणीस होते की अकरा
मलाच आठवेना,
आणि टाळ्या दोन्हीकडं पडल्या.

शेजारी मुंजाभाऊ, जेवणाचं कूपन मुठीत.
कानाशी येऊन म्हणाले,
बी आपलं न्हाई, आळी बी आपली न्हाई,
भांडण तरी आपलं हाय का, पोरी?

पूर्वी बियाण्याच्या पाकिटात
एक लहान पुडी यायची, साध्या कपाशीची.
कडेनं पेरायची.
अळीनं तिच्यावर पोट भरावं
आणि बाकीचं विष पचवायला शिकू नये, एवढ्यासाठी.
खय्युमच्या दुकानामागं उकिरड्यावर
त्या पुड्या भिजून फुटायच्या, उगवायच्या,
शेळ्या शेंडे खुडायच्या.

मावशीनं तेवढ्या पेरल्या. पाच ओळी.
तिला शास्त्र कुणी सांगितलं नव्हतं.
जवारीत पाखराचं कणीस सोडतेत न्हाई का,
म्हणाली, तसं हे किड्याचं.

वाटलं होतं, गोष्ट इथं संपेल.
पण तिच्याही बोंडात अळी निघाली,
गुलाबी, नखाएवढी, सरकीत तोंड खुपसून.
शेजारच्या रानातून आली असेल.
बांध माणसांना कळतो.

सलग तीन दिवस आठच्या वर गेले
की मला वर कळवावं लागतं.
आज पहिला दिवस.
नऊातला एक अजून फडफडतोय.
जिवंत धरायचा की नाही
सूचनापत्रात लिहिलेलं नाही.
मावशी विचारते, किती गं?
पेनाचं टोपण दातात धरून
मी उभी.