टंच

नोटीस बोर्डावर एकच कागद, टाचणी गंजलेली.
ऑनर्समध्ये टिकायचं तर आठ.
खाली माझं नाव,
कु. प्रणोती आदगोंडा चौगुले, संख्याशास्त्र,
सात पूर्णांक चौऱ्याण्णव,
आणि त्यापुढं कुणीतरी पेन्सिलीनं काढलेलं
छोटंसं प्रश्नचिन्ह.

सहा शतांश.
आमच्या हुपरीत एवढ्यावरनं
माणसं बोलायची बंद झालेली पाहिलीत मी.
आप्पा टंच काढायला तुकडा पाठवतात
आणि चिठ्ठी येईस्तोवर चहाला हात लावत नाहीत.
"साठ टंचाचं पैंजण सत्तरचं म्हणून इकलं
तर घालणारीला कळत न्हाई.
आपल्याला कळतं."

वहीच्या मागच्या पानावर:
तीन सत्रांची बेरीज तेवीस पूर्णांक ब्याऐंशी,
बत्तिसातनं वजा,
या खेपेला लागतात आठ पूर्णांक अठरा.
रोज रात्री नव्यानं मांडते.
उत्तर तेच येतं,
अक्षर तेवढं बिघडत जातं.

राजारामपुरी, अकरावी गल्ली, वरची खोली.
तस्नीम दुसऱ्या सत्रातच राहिली.
राहिली म्हणजे ऑनर्समधनं गेली.
आता ती साडेदहाला दिवा मालवते,
रविवारी मिसळीला जाते, कट दोनदा मागून घेते,
आणि अंधारातनं मला म्हणते,
"झोप की गं, आकडा काय पळून चाललाय?"

चाललाय, तस्नीम.

शिमग्याला घरी गेले तर आप्पा कारखाना झाडत होते.
आमच्यात ती धूळ टाकत नाहीत.
पोत्यात भरतात, वर्षानं माणूस येतो,
धुतो, गाळतो, आटवतो,
मग कुठं नखाएवढी चांदी.
मी परत येऊन जुन्या उत्तरपत्रिकांच्या झेरॉक्स मागवल्या,
पान पान झाडलं.
एका बेरजेत अर्धा गुण सापडला,
कुणाच्यातरी दमलेल्या बोटांतनं सांडलेला.
सात पूर्णांक चौऱ्याण्णव
जागचे हलले नाहीत.
तरी तो अर्धा मी वहीत लिहून ठेवला.

तोंडी परीक्षेला बाहेरचे सर.
मी सुरुवात केली,
"सर, एकशेवीस कारागिरांची माहिती घेऊन आलो."
ते चष्म्यावरनं बघत राहिले.
"आलो? की आले?"
आमच्याकडं पोरी आलोच म्हणतात, सर.
आई म्हणते. मावशी म्हणते.
भाजीवाल्या भांडताना म्हणतात, तेव्हा तर
समोरचा पुरुष दोन पावलं मागं सरतो.
यातलं काही बोलले नाही.
"आले," म्हणाले,
आणि पुढची दहा मिनिटं
क्रियापदं सावरण्यात गेली,
प्रमाण विचलन हातातनं निसटलं.
विसापैकी तेरा.
ते सात कुठल्या पोत्यात पडले,
कोण गाळून देणार?

तेव्हापासनं वहीत मी
आले, गेले, बसले.

जूनमध्ये निकाल लागला
तेव्हा उसाच्या रसाच्या गाड्याशी उभी होते.
गाडेवाल्यानं चिपाड दुमडून
तिसऱ्यांदा चरकात घातलं होतं.
या सत्राचे आठ पूर्णांक वीस.
एकूण, मोबाईल म्हणाला, आठ पूर्णांक शून्य एक.
मी मनात करून पाहिलं:
आठ, शून्य, शून्य, पाच.
शेवटचं टोक यंत्रानं गोल केलेलं.
पाच सहस्रांश.
आप्पांच्या काट्यावर
श्वास लागला तरी एवढं हलतं.

फोन लावला. पलीकडं हातोडीची टकटक.
"आप्पा, मी राहिलो!"
तोंडातनं निघून गेलं,
आईच्या, मावशीच्या, आख्ख्या बाजाराच्या तोंडचं.

टकटक थांबली.
बराच वेळ नुसती भट्टी ऐकू येत होती.
"राहिलो म्हंजे?" आप्पा म्हणाले,
"आत, का भाईर?"

चरक फिरत होता.
अजून चार सत्रं आहेत.
"आत," मी म्हणालो.
"सध्या."